कप्तानच्या काळेबाई

काळेबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, आणि मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, "आता बाईंनी आराम करावा, देवाधर्मात मन रमवावं." उत्तराला बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आराम मेल्यावर लय करायचाय. देवाकडं आधीच गर्दी हाय, माझी भर कशाला? मी माझं बघते काहीतरी." आणि खाली बसल्या. एवढंच भाषण. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना, तेव्हा बाईंनीच वाजवल्या.

सेलूच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या पीटीच्या बाई होत्या. पांढरं सुती पातळ, काठ हिरवा नाहीतर निळा, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. निवृत्तीनंतर शिटी तेवढी खुंटीला गेली, बाकी गणवेश तोच राहिला. मी भूगोलाचा शिक्षक आणि त्यांचा शेजारी. आमच्या दोन अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत होती, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी बाईंपासून सुटका नव्हती. त्या शिक्षकांना नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. ओ गणित, इकडं या. इंग्रजी, चहा घेता का? मी भूगोल. माझ्या बायकोला, सुनंदाला, त्यांनी परस्पर भूगोलीण करून टाकलं होतं आणि तिला ते आवडतही होतं, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

मैदानावर पोरं धापा टाकत थांबली की बाई म्हणायच्या, "दम लागायलाय? लय छान. मेलेल्याला लागत न्हाई. चला, अजून एक फेरी." लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये नव्यानं आलेलं कुणीतरी हमखास का म्हणून विचारायचं आणि बाई हमखास एकच उत्तर द्यायच्या, "बघायला आले ते सगळे 'जरा हळू चाला' म्हणणारे निघाले."

अशा बाईंनी निवृत्तीनंतर काय बघावं, तर ससा.

त्याचं असं झालं. आमच्या समोर मोहनशेठचं कापडाचं दुकान, वर त्यांचं घर. नातवंडांच्या हट्टापायी शेठनी जत्रेतून दोन ससे आणले. विकणाऱ्यानं पिंजऱ्यासोबत ज्ञानही दिलं, गाजर द्या, पाला द्या, पाणी मात्र देऊ नका, सशाला पाणी पाजलं की तो मरतो. हा समज आमच्याकडं घरोघर आहे. रानातला ससा कधी पाणी पिताना दिसतो का, असा बिनतोड मुद्दा लोक पुढं करतात आणि समोरचा गप्प बसतो. परभणी जिल्ह्याचा उन्हाळा काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. त्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पिंजऱ्यात एक ससा मेला. उन्हानं गेला, असं सगळे म्हणाले. बाईंनी रस्ता ओलांडला.

"शेठ, दुसऱ्याला पाणी दिलंय का?"

"बाई, सशाला पाणी चालत न्हाई."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणायलेत."

"मग सगळ्यांचं पाणी उद्या बंद करा. संध्याकाळी परत विचारू, कोण काय म्हणायलंय ते."

बाई घरी आल्या, स्टीलच्या वाडग्यात पाणी घेतलं आणि नेऊन पिंजऱ्यात ठेवलं. तो पांढरा, काळ्या कानांचा ससा त्या वाडग्यावर असा काही पडला की पाहवेना. पीत राहिला, थांबला, पुन्हा पीत राहिला. गल्ली गोळा झाली. आता हा मरणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मरताना पाहायची उत्सुकताही होती. बाईंनी दुकानातलं स्टूल ओढलं आणि पिंजऱ्याशेजारी बसल्या. "मेला तर मला सांगा," म्हणाल्या. दुपार झाली. ससा मेला नाही, उलट पाय पसरून झोपला. एकेक जण काहीतरी काम आठवल्यासारखा निघून गेला. शेठच्या नातवंडांचा हौसेचा भर तोवर ओसरला होताच. बाईंनी पिंजरा तिथंच ठेवला आणि ससा पदरात घेऊन घरी आणला.

रागावला की तो मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. बाईंना त्यात कवायत दिसली, म्हणून नाव कप्तान. पिंजरा नाहीच. सगळं अंगण त्याचं. रोज सकाळी बाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहून टाळ्या वाजवत आणि कप्तान त्यांच्याभोवती पळे. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर त्याही पळाल्या असत्या. "बसून राहिलं की सगळं खाली साचतंय, माणूस असू दे न्हाईतर ससा," असं त्या म्हणत. ते किती खरं होतं, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सशाची एक खोड असते, तो आपला कोपरा ठरवतो आणि तिथंच जातो. कप्तानच्या कोपऱ्यात रोज वर्तमानपत्र अंथरलेलं असे. बाई पेपर दोनदा वाचत, एकदा कप्तानच्या आधी आणि एकदा कप्तानच्या नंतर. नंतरचं वाचन जास्त बारकाईनं, चष्मा लावून. मग भिंतीवरून आम्हाला बातमी, नेमकी माझा चहा ओठाला लागताना.

"भूगोल, आज झक्कास मुतला. पिवळा, जरा गढूळ."

सुनंदाला हे फार लागायचं. एकदा धीर करून म्हणाली, "बाई, निदान लघवी तरी म्हणा."

"म्हणते की. लघवी म्हणलं तर वास कमी येतोय का?"

एके सकाळी मात्र बाईंचा आवाज आला नाही. भिंतीवरून पाहिलं तर त्या कोपऱ्यात बसलेल्या, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, आणि समोर कागदावर लालभडक ओल. बाईंना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कप्तानला टोपलीत घालून मिळेल त्या पॅसेंजरनं आम्ही परभणीला निघालो. टीसीनं टोपलीकडं बोट करून, "हे काय हाय?" विचारलं. बाई म्हणाल्या, "पेशंट." तो पुढं सरकला.

परभणीत गिरी डॉक्टर म्हणून एक तरुण बाई होत्या, कुत्र्या-मांजरांचा छोटा दवाखाना चालवायच्या. बोलायला मऊ, पण आपलं सोडायच्या नाहीत. काळेबाईंना ही जात लगेच ओळखू आली. डॉक्टरांनी रक्त दाखवणारी एक पट्टी लघवीत बुडवून पाहिली, कप्तानचं पोट दोन बोटांनी चाचपलं, दुखत असलं की ससा दात घासतो, तो आवाज येतो का म्हणून कान लावला, आणि विचारलं, "काल काय खाल्लं यानं?"

"बीटाची पानं. भाजीवाल्यानं फुकट दिली, लय होती."

"मग हा बीटाचा रंग आहे, रक्त नाही. सशाची लघवी पिवळी असते, केशरी असते, कधी अशी लालही होते. गढूळ असली तरी घाबरू नका, त्याच्या अंगातला जादा चुना तिच्यातूनच बाहेर पडतो." बाई सुटल्यासारख्या हसल्या, तर डॉक्टरांनी बोट वर केलं. "पण लाल म्हणजे बीटच, असं धरून बसू नका. एका दिवसात गेलं नाही, किंवा तो कुंथायला लागला, थेंब थेंब करायला लागला, मागून ओला राहायला लागला, तर लगेच या. पांढरं घट्ट टूथपेस्टसारखं पडलं तर त्याच दिवशी. आणि खाणं सोडलं तर कशाचीच वाट पाहू नका. सशाचं पोट रिकामं राहता कामा नये."

एवढं ज्ञान मिळाल्यावर बाई गप्प बसणार होत्या थोड्याच! सेलूत ज्याच्या ज्याच्या घरी ससा होता, त्याच्या घरी त्या पोचल्या. पाण्याचं भांडं कुठं आहे बघायच्या. नसलं तर त्याच घरातलं ताट नाहीतर वाटी उचलून भरून ठेवायच्या. "बाटली टांगू नका, वाडगा ठेवा. तुमाला नळीतून थेंब थेंब दिलं तर तुमी किती प्याल?" भाजीबाजारात ऐन गर्दीत ससा पाळणाऱ्या एखादीला गाठून मोठ्यानं विचारायच्या, "तुमचा मुतायलाय का नीट?" तिचा नवरा शेजारी उभा असायचा आणि लोक त्याच्याकडं बघायचे. दोन घरांनी बाईंना दार उघडणं बंद केलं. बाई तिसऱ्या घरी गेल्या.

मग एका हिवाळ्यात कप्ताननं कवायत सोडली.

बाईंनी टाळ्या वाजवल्या, तो उठला नाही. कोपऱ्यात शेपूट वर करून बसला, खूप वेळ बसला, आणि कागदावर चारच थेंब. दुपारी चुन्यासारखा पांढरा, घट्ट गोळा पडला. मागचे केस ओले होऊन चिकटले होते, आतली कातडी लाल झाली होती. आणि कान जवळ नेला की दातावर दात घासल्याचा आवाज. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही. टोपली घेतली, मला म्हणाल्या, "भूगोल, चला." मी चपला घातल्या.

दुकानाच्या पायरीवरून मोहनशेठ म्हणाले, "बाई, सांगितलं होतं तुमाला. पाण्यानंच झालं बघा हे." शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि गल्लीलाही. इतकी वर्षं बाईंनी सगळ्यांना खोटं पाडलं होतं, आता कुठं जगरहाटी जागेवर आल्यासारखी दिसत होती.

डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि उजेडासमोर धरला. मूत्राशयात लहान बोराएवढा पांढरा खडा, आणि त्याच्याखाली गाळ. मला खडू आठवला.

"काय काय खातो हा?" डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

बाई ताठ झाल्या. हा त्यांच्या अभिमानाचा विषय. "सकाळी लसूणघास, पोटभर. दुभत्या म्हशीला घालतात तो, ताजा, एका शेतकऱ्याकडून मुद्दाम आणते. संध्याकाळी परत तोच. कोथिंबीर. आणि माझी कॅल्शियमची गोळी. अर्धी मला, अर्धी त्याला, कुटून पाल्यावर. गुडघ्यांपायी मला सुरू झाली तवापासून. हाडं बळकट पायजेत ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू सांगितलं. माणसाच्या आतड्याला गरज असते तेवढंच कॅल्शियम ते आत घेतं, बाकीचं तसंच बाहेर जातं. सशाचं तसं नाही. तो खाईल तेवढं बरंचसं रक्तात घेतो आणि जादाचं लघवीतून टाकतो. लसूणघासात ते आधीच भरपूर, वाढत्या पिलाला तो ठीक, मोठ्या सशाला रोज पोटभर नको. त्यावर ही गोळी. "काही सशांना मुळातच खडे होतात, सगळं तुमच्यावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पण गोळी नको होती, बाई. तुम्ही पाणी भरपूर पाजत होता आणि पळवत होता म्हणून इतके दिवस निभावलं."

बाईंनी टोपलीत हात घातला. कप्तानच्या कानामागं खाजवत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग काढा."

"भूल द्यावी लागेल. सशाचा जीव घाबरट, भुलीतच दगावतो कधीकधी. मी सगळी काळजी घेईन, पण खात्री देणार नाही. न काढावा तर आज ना उद्या लघवी अडकेल, आणि ते मरण वाईट असतं."

मी म्हटलं, "बाई, एक दिवस विचार करू या का?"

"विचार झाला. मी घातलाय, मीच काढून आणणार."

त्या दिवशी कप्तानला कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबायचं औषध दिलं, आणि ऑपरेशन परवावर ठरलं. सेलूत उतरल्यावर बाई घरी न जाता आधी दुकानात गेल्या. गिऱ्हाइकं गादीवर बसली होती, साड्यांचा ढीग पडला होता. बाई बुटांसह उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि मैदानावरच्या आवाजात बोलल्या.

"शेठ, ऐका. पाण्यानं न्हाई झालं. पाण्यानं तो वाचलाय. मी माझी गोळी त्याला चारत होते, त्याचा खडा झाला. चूक माझी हाय, पाण्याची न्हाई. कुणी पाण्याचं नाव काढलं तर माझ्याकडं धाडा."

चूक कबूल करतानाही हा थाट. शेठ ओशाळले. "असू द्या बाई. जत्रा आली की दुसरा आणून देतो."

"दुसरा कामून? माझा हा हाय."

ही बातमी नांदेडपर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे थोरले भाऊ येऊन दाखल झाले. अण्णा महसूल खात्यातून निवृत्त झालेले, आवाजाला अजून कचेरीचा वास. मी माझ्या अंगणात होतो. ऐकायचं नव्हतं असं म्हणणार नाही.

"शोभतं का हे? सशाचं ऑपरेशन! लोक हसायलेत. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कर म्हणून कधीचं सांगायलोय, ते न्हाई."

"गुडघा मरत न्हाई, अण्णा. हा मरायलाय."

"अगं, जीव केवढा त्याचा!"

"केवढा असला की चालतंय? बैलाएवढा?"

"बैल कामाला येतो."

"मी बी आता कुणाच्या कामाला येत न्हाई," बाई म्हणाल्या. "माझं काय करायचं मग, ते बी सांगून टाका."

अण्णांनी कप बशीवर ठेवला. दुपारच्या गाडीनं गेले, पण जाण्याआधी कप्तानच्या टोपलीपाशी दोन मिनिटं उभे राहिलेले मी पाहिले.

अण्णा गेल्यावर दवाखान्यातून फोन आला. कंपाउंडर बोलत होता. उद्या सकाळी उपाशीपोटी आणा, म्हणाला. बाई हो म्हणता म्हणता थांबल्या.

"हे डॉक्टर म्हणल्या का तुमी म्हणायलाव?"

"बाई, सगळ्याच ऑपरेशनला तसंच असतंय."

"मला त्यांनीच सांगितलंय, सशाचं पोट रिकामं ठेवू नका म्हणून. त्यांना फोन द्या."

डॉक्टर फोनवर आल्या आणि घाईघाईनं म्हणाल्या, "नाही नाही, गवत काढू नका, पाणीही काढू नका. ससा उलटी करत नाही, त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट पोट बंद पडेल. आमचा माणूस कुत्र्यांच्या सवयीनं बोलला." बाईंनी फोन ठेवला आणि कप्तानपुढं वाळलेलं गवत ढिगानं टाकलं. भिंतीपलीकडून सुनंदा हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "त्याच्या वाटचा उपास उद्या मी करते." आणि तिनं खरंच केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर टोपली आत घेऊन गेल्या आणि दार लागलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, पाठ टेकवली नाही. मी चहा आणला, तो तसाच निवला. त्या समोर बघत म्हणाल्या, "भूगोल, जन्मभर पोरांना म्हणत आले, दूध प्या, हाडं बळकट करा. मला वाटलं, जे मला चांगलं ते त्याला बी चांगलंच. विचारायचं बी सुचलं न्हाई. पाण्याबद्दल लोकांशी भांडले, आणि स्वतः तेच केलं." मला त्यांची फार दया आली आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी निवलेला चहा पिऊन टाकला.

दार उघडलं. डॉक्टर घामानं भिजल्या होत्या. खडा निघाला होता, गाळ धुऊन काढला होता, कप्तान श्वास घेत होता. "पण अर्धं झालंय," त्या म्हणाल्या. "आता त्यानं खाल्लं पाहिजे आणि स्वतःहून लघवी केली पाहिजे. धार लागल्याशिवाय मी सोडणार नाही."

मी सेलूला परतलो. बाई परभणीत एका जुन्या विद्यार्थिनीकडं राहिल्या. सकाळी पुन्हा गेलो तेव्हा कप्तान बाईंच्या मांडीवर होता. कोथिंबिरीची दोन पानं त्यानं खाल्ली होती. सलाईन सुरू होतं. लघवी नव्हती. ताज्या टाक्यांमुळं पोट दाबून काढताही येत नव्हती. डॉक्टर आतून बाहेर, बाहेरून आत करत होत्या, आणि प्रत्येक वेळी बाईंकडं बघून जात होत्या. दुपार होत आली. बाईंनी मांडी हलवली नव्हती. पाय बधिर झाले असतील, पण हलवली नव्हती. त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होत्या. मी जवळ सरकलो तेव्हा कळलं, त्या मैदानावरचंच बोलत होत्या, फक्त आवाज नव्हता. "चल रे. अजून एक. चल."

आणि मग बाईंचे हात थांबले.

पांढऱ्या पातळावर ओल पसरली. मांडीवरून गुडघ्यापर्यंत, सरळ, न थांबता. लालसर होती. मी ओरडून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, ओलीला तपासणीची पट्टी लावली, टाके बघितले आणि तिथंच जमिनीवर बसल्या. "टाके ताजे आहेत, एकदोन दिवस लाली असणारच. धार लागली ना?"

"लागली," बाई म्हणाल्या. "लय छान लागली." आणि ढसाढसा रडल्या. आमच्या शाळेच्या पीटीच्या बाई, दवाखान्याच्या बाकावर, सगळ्यांच्या देखत.

कप्तान त्यानंतर बरीच वर्षं जगला. वाळलेलं गवत, थोडा पाला, पाण्याचे दोन दोन वाडगे, आणि गोळी कुणालाच नाही. बाईंनी स्वतःचीही बंद केली, ते काही मला पटलं नाही, पण सांगणार कोण? तो म्हातारा होऊन गेला. बाई त्यानंतर नांदेडला अण्णांकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. माझी बदली मधेच राणीसावरगावला झाली होती. सामान हलवायच्या गडबडीत बाई भेटल्या असतील, बोलल्या असतील, मला त्यातलं काही आठवत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ऑपरेशननंतर घरी परतताना, असंच मी धरून चालतो.

त्या दिवशी दुपार कलायच्या आत गाडी सेलूला लागली. मी फोन केला होता, म्हणून सुनंदा शाल घेऊन स्टेशनवर आली होती. बाई उतरल्या. हातात टोपली, अंगात तेच पांढरं पातळ, आणि मांडीवर तो वाळत आलेला मोठा लाल डाग. परभणीच्या विद्यार्थिनीनं दुसरं पातळ देऊ केलं होतं, ते बाईंनी घेतलं नव्हतं.

सुनंदानं शाल उलगडली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, ही गुंडाळून घ्या. न्हाईतर मागल्या रस्त्यानं रिक्षा करू. बाजारातून जायचंय."

"कामून?"

"लोक भलतंच समजतील."

बाईंनी मान खाली घालून स्वतःच्या पातळाकडं पाहिलं, जणू पहिल्यांदाच. मग शाल घेतली, घडी केली, आणि टोपलीत कप्तानभोवती नीट खोचली. "गार वारा सुटलाय. त्याला लागंल," म्हणाल्या, आणि बाजाराच्या रस्त्यानं चालू लागल्या.

कापसाच्या टेम्पोंची रांग लागली होती. ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. बाई त्यांच्या मधून, रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या, कॅनव्हासचे बूट वाजवत. माणसं बघत होती, बघून मान वळवत होती, आणि पुन्हा बघत होती. दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. चहाच्या टपरीवर कुणीतरी हळूच काहीतरी बोललं आणि तिघंचौघं हसले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. सुनंदा माझ्या दंडाला धरून चालली होती.

बाई थांबल्या. टपरीकडं तोंड करून सरळ उभ्या राहिल्या, डाग सगळ्यांना दिसेल अशा. टोपली एका कडेवर घेतली.

"काय बघायलाव? माझा ससा मुतलाय. मरायला टेकला होता, आता धार लावून मुतलाय. अजून काय विचारायचंय का कुणाला?"

चहावाल्यानं गॅस बारीक केला. बाई वळल्या आणि चालू लागल्या. तेव्हा सुनंदानं माझा दंड सोडला, झपाझप पुढं गेली आणि टोपलीचा एक कान धरला. मग दोघी बरोबरीनं गेल्या, बाजाराच्या शेवटापर्यंत, आणि मी मागून.